उरलेल्या लोकरीची रंगीत शाल: लोकर घरातली, मग शाल कितीला विकायची?



या आठवड्याच्या व्हिडिओत उरलेल्या लोकरीतून क्रोशाची रंगीत शाल कशी विणायची ते दाखवलंय. टाके बघायला व्हिडिओच बरा, हात कसा फिरतो ते लिहून कळत नाही. पण व्हिडिओत आकडे मांडायला बसलं की बघणारे पळून जातात, हा माझा अनुभव. म्हणून हिशोबाचा भाग इथं लिहितेय. वही घ्या, कॅल्क्युलेटर मोबाईलमध्ये आहेच.

क्लासमध्ये कुणी विणलेली शाल आणली की मी पहिला प्रश्न विचारते, "ताई, कितीला देणार?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. "लोकर तर घरातलीच होती हो, तीनशे-चारशे आले तरी बास." हे ऐकायला चांगलं वाटतं, समाधानी माणसाचं बोलणं वाटतं. पण धंद्याच्या दृष्टीनं या एका वाक्यात दोन खड्डे आहेत. एक लोकरीचा, दुसरा वेळेचा. आजचा सगळा लेख त्या दोन खड्ड्यांवर आहे. विणकाम मधे मधे येत राहील, कारण विणायची पद्धत बदलली की हिशोब बदलतो.

आधी पिशवी उलटी करा

आपल्याकडं क्रोशा घराघरात होता. टीव्हीवरचा रुमाल, फ्रिजच्या दांडीचं कव्हर, दाराचं तोरण, ताटावरचं झाकण. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला लोकरीचं काहीतरी करावंच लागायचं. त्यामुळं युसूफ वडगावसारख्या गावातसुद्धा ट्रंकेच्या तळाशी एखादी लोकरीची पिशवी हमखास सापडते. आईची, मावशीची, आत्याची. ती गोळा करा. पण गोळा केलेलं सगळंच एका शालीत जात नाही.

पहिली चाळणी जातीची. लोकर म्हणतो आपण, पण गावातल्या दुकानात मिळणारी बहुतेक लोकर अ‍ॅक्रिलिकची असते, मेंढीची नसते. त्यात सुताचा एखादा गोळा आणि खऱ्या लोकरीचा एखादा गोळा मिसळला, की पहिल्या धुण्यात घोळ होतो. खरी लोकर गरम पाण्यात आटते, अ‍ॅक्रिलिक आटत नाही, आणि शाल मधेच चुण्या पडून बसते. ओळखायचं कसं? बोटभर दोरा चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा आणि टोक पेटवा. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, राख चिमटीत चुरते. सूत कागदासारखं जळतं. लेकरांना लांब ठेवा, पदर सावरून बसा.

दुसरी चाळणी जाडीची. पट्टीवर एक इंच अंतरात दोरा शेजारी शेजारी गुंडाळा आणि वेढे मोजा. ज्या लोकरींचे वेढे सारखे येतात किंवा एखाद्याचाच फरक पडतो, त्या एकत्र चालतात. एखादी लोकर फारच बारीक निघाली आणि तिचे वेढे दीडपटीच्या जवळ आले, तर तिचे दोन पदर एकत्र घेऊन विणा.

तिसरी चाळणी रंगाची. लाल, मरून, गडद निळा असे रंग ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर तो गोळा बाजूला. गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या साडीवर रंग उतरला, की ते गिऱ्हाईक तर जातंच, जाताना आणखी चौघींना घेऊन जातं.

चौथी चाळणी माझ्या सगळ्यात आवडीची, वजनाची. तिच्याकडं येते, पण त्याआधी शाल कशी विणायची ते ठरवू.

चौकोन का नकोत

उरलेली लोकर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर रंगीत चौकोन येतात. मधे एक रंग, भोवती दुसरा, मग तिसरा, आणि असे चौकोन जोडून चादर. पद्धत जुनी आहे. अशा चौकोनाचा नमुना अमेरिकेत शेतकऱ्यांच्या एका नियतकालिकात १८८५ साली छापून आला होता. दिसायला फार गोड. पण विकण्यासाठी शाल करताय तर चौकोन टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण टोकं. प्रत्येक रंग बदलला की दोन टोकं लोंबतात. चार रंगांच्या चौकोनाला आठ टोकं. शालीला चार इंची चौकोन शंभराच्या आसपास लागतात, म्हणजे आठशे टोकं सुईनं आत लपवायची. वर शंभर चौकोन एकमेकांना जोडायचे. हे काम गिऱ्हाईकाला दिसत नाही, त्यामुळं त्याचे पैसे कुणी देत नाही.

म्हणून शाल लांबीच्या बाजूनं विणा. म्हणजे एक ओळ पूर्ण साठ इंचांची. प्रत्येक ओळ नव्या रंगानं, आणि प्रत्येक ओळ उजव्या टोकापासूनच सुरू करायची. उलटं फिरून परत यायचं नाही. ओळ संपली की दोरा कापायचा. सुरुवातीला सहा इंच आणि शेवटी सहा इंच दोरा मोकळा सोडायचा. शाल पूर्ण झाली की दोन्ही बाजूंना ही टोकं आपोआप लोंबत असतात. शेजारच्या दोन-तीन टोकांची एकेक गाठ मारली की झाली झालर. एक टोक आत लपवायचं नाही. झालर विरळ वाटली तर प्रत्येक गाठीत तुकड्यातल्या लोकरीचे एक-दोन दोरे जास्तीचे घाला.

नमुना असा. सुई ५ मिलिमीटरची, लोकर नेहमीची मध्यम जाडीची. २०६ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, मग प्रत्येक साखळीत एक, असे २०५ मुके खांब. दोरा कापा. आता उजव्या टोकाला नवा रंग जोडा. तीन साखळ्या वर, त्याच टाक्यात एक खांब. पुढं दोन टाके सोडून तिसऱ्यात तीन खांबांचा गुच्छ, पुन्हा दोन सोडून तिसऱ्यात तीन खांब, असं शेवटपर्यंत, आणि अगदी शेवटच्या टाक्यात दोन खांब. थांबा, इथं मोजून बघा. २०५ टाक्यांत पहिला टाका आणि मग तिनाच्या पटीनं पुढं गेलं की शेवटचा गुच्छ २०२ व्या टाक्यात येतो, दोन सोडले की २०५ वा. बरोबर बसतं. कमी-जास्त लांबी हवी असेल तर साखळ्या तिनाच्या पटीतच वाढवा किंवा कमी करा.

पुढची ओळ: नवा रंग, तीन साखळ्या वर, म्हणजे कडेचा एक खांब झाला. मग खालच्या ओळीतल्या गुच्छांच्या मधल्या प्रत्येक फटीत तीन खांब, शेवटी कडेला एक खांब. त्यानंतरची ओळ पुन्हा कडेला दोन-दोन खांब ठेवून आणि फक्त गुच्छांच्या मधल्या फटी भरून. याच दोन ओळी आलटून पालटून. अशा ४४ ओळी झाल्या की साधारण बावीस इंच रुंदी होते. तुमचा हात सैल असेल तर आधीच होईल.

आता वजनाची चाळणी

मध्यम लोकरीत आणि माझ्या हाताला अशा एका ओळीला सुमारे ७ ग्रॅम लोकर लागते. तुमच्या हाताचा आकडा तुम्ही काढायचा. गोळा ओळीच्या आधी वजन करा, नंतर वजन करा, वजाबाकी करा. एवढ्यासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल वजनकाटा पुरतो.

समजा तुमचा आकडा ७ आला. मग ८ ग्रॅमची रेघ मारा. ८ ग्रॅम आणि त्यावरचे गोळे शालीच्या डब्यात. त्याखालचे दुसऱ्या पिशवीत. साठ इंचांच्या ओळीत पंचेचाळिसाव्या इंचावर रंग संपला की जी चिडचिड होते ती एकदा झाली की पुरे. आणि गाठ मारून तोच रंग दुसऱ्या छटेनं पुढं नेला, की शाल विकाऊ राहत नाही, घरात वापरायची होते.

रंगांच्या बाबतीत एकच सांगते. उरलेल्या लोकरीची शाल उरलेल्या लोकरीचीच दिसली, तर गिऱ्हाईक पैसे पाडून मागतं. त्यावर जुना उपाय आपल्या गोधडीत आहे. आपल्या आज्या वाकळ शिवायच्या तेव्हा आतले तुकडे दहा साड्यांचे असायचे, पण काठ चारही बाजूंनी एकाच कापडाचा. त्या एका काठानं सगळे तुकडे एका घरातले वाटायचे. शालीत तेच करा. एक रंग नवा, विकत आणा. काळा, मोतिया, किंवा गडद राखाडी. दर तिसरी ओळ त्याच रंगाची, पायाची ओळही त्याचीच. ४४ ओळींत १४ ओळी या रंगाच्या होतात, पाया धरून सव्वाशे ग्रॅमच्या आत बसतं. पण दीडशे ग्रॅम आणा, आणि एकाच वेळी आणा, कारण कंपनी तीच आणि नंबर तोच असला तरी रंगाच्या पुढच्या घाणीत छटा थोडी बदलते. लेबलवर घाणीचा नंबर छापलेला असतो, तो जुळवून घ्या.

पहिला खड्डा: लोकर फुकट आहे

आता हिशोब. शालीला एकूण लोकर साधारण ३१० ग्रॅम. त्यातली सव्वाशे ग्रॅम नवी, बाकी पिशवीतली. समजा तुमच्या बाजारात शंभर ग्रॅम लोकर ७० रुपयांना मिळते. (भाव जागेप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे बदलतो, तुम्ही तुमचा घाला.) ३१० ग्रॅमचे २१७ रुपये.

इथं ताई लोक मला अडवतात. "पण मॅडम, त्यातली अर्ध्याहून जास्त लोकर तर फुकट होती."

बीबीएच्या पुस्तकात एक शिकवतात, जे पैसे आधीच खर्च होऊन गेले ते पुढच्या निर्णयात धरायचे नाहीत. पुस्तकाच्या जागी ते बरोबर आहे. तरी मी क्लासमध्ये सांगते, उरलेली लोकर आजच्या बाजारभावानं धरा. कारण पिशवी संपते. एका घरातल्या पिशवीत दोन, फार तर तीन शाली निघतात. तुम्ही लोकर शून्य धरून पहिली शाल स्वस्तात दिली. तिनं बहिणीला दाखवली, बहिणीनं एक मागितली, मग जावेनं. चौथ्या शालीला लोकर विकत आणावी लागली, आणि तुम्ही भाव वाढवला. गिऱ्हाईक म्हणणार, "माझ्या बहिणीला तर चारशेला दिली होती." तुमच्याकडं उत्तर नाही. पहिल्या शालीचा भाव हाच तुमचा भाव होऊन बसतो. म्हणून पहिल्या दिवसापासून भाव असा लावा, की उद्या सगळी लोकर विकत आणावी लागली तरी तो टिकेल. पिशवीतल्या लोकरीचे जे पैसे वाचले ते तुमचे. त्यातून पुढच्या खेपेची लोकर आणा.

दुसरा खड्डा: फावला वेळ

हा खड्डा जास्त खोल आहे.

मोबाईलचं घड्याळ लावून एक ओळ विणा. सरावलेल्या हाताला एका ओळीतल्या दोनशे खांबांना १६ मिनिटं लागतात असं धरू. ४४ ओळींचे ७०४ मिनिटं, म्हणजे पावणेबारा तास. पाया, लोकर निवडणं, झालर, धुऊन ताणून वाळवणं धरून १४ तास. नव्या हाताला वीस-बावीस तास सहज लागतील, म्हणून पहिल्या दोन शाली घरात वापरा, त्या विकायच्या म्हणून धरूच नका.

तासाचा भाव काय धरायचा? कुणी म्हणेल पाच रुपये, कुणी म्हणेल शंभर. मी एक साधा मापदंड घेते, रोजगार हमीचा. ही योजना महाराष्ट्रातच १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली, आपल्या मराठवाड्याला तिची गोष्ट वेगळी सांगायला नको. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा मनरेगाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९. ही काही मोठी मजुरी नाही, पण सरकारनं अंगमेहनतीच्या कामाला ठरवलेली आहे, आणि तुमच्या हातातली कला त्याहून कमी किमतीची आहे असं म्हणायला मी तयार नाही.

१४ तास गुणिले ३९, म्हणजे ५४६ रुपये.

लोकर २१७, मजुरी ५४६, आणि पिशवी, लेबल, येणं-जाणं असं सगळं मिळून ६० धरा. बेरीज ८२३. यात अजून नफा नाही, ही फक्त लागत आहे. वीस टक्के नफा धरला तर ९८८. म्हणजे हजार रुपये.

आता चारशेला दिलेली शाल पुन्हा बघा. चारशेतून लोकर आणि किरकोळ खर्च वजा केला तर १२३ उरतात. चौदा तासांचे १२३. तासाला नऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत.

"पण मी तर फावल्या वेळात विणते, टीव्ही बघता बघता." हे वाक्य आपल्याकडचंच नाही. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर म्हणून गाव आहे, तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस विणतात. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथं ही कला नेली. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथं जाऊन अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: लेस परदेशात जात होती, व्यापाऱ्यांचा पैसा होत होता, आणि विणणाऱ्या बाईला मात्र सगळे, ती स्वतःसुद्धा, कामगार न म्हणता गृहिणी म्हणत होते. ती फावल्या वेळात विणते, म्हणून तिच्या वेळेला दाम नाही. दिवसाचे कितीतरी तास त्या कामात जात असले तरी.

दुसरीकडं आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक गेलं आणि भीषण दुष्काळ पडला, तेव्हा जोगिणींनी आणि गावातल्या शिकलेल्या बायकांनी गरीब घरातल्या मुलींना क्रोशाची लेस शिकवली. ती लेस शहरात विकली गेली आणि कित्येक घरांत त्यावर चूल पेटली. कला तीच, सुई तीच. तिथं लेस घेणारे लोक कोण आणि कुठं आहेत हे कुणीतरी आधी शोधलं होतं. आपल्याला पण तिथंच यायचंय.

हजाराची शाल घेणार कोण?

खरं बोलू. केजच्या किंवा अंबाजोगाईच्या बाजारात उभं राहून ही शाल हजाराला विकायला गेलात, तर दिवसभरात एकसुद्धा जाणार नाही. तिथं लुधियानाची यंत्रावरची शाल आणि सोलापुरी चादर शेजारी पडलेली असते. त्यांच्याशी किमतीत भांडायचं नाही. त्यात पुन्हा आपल्याकडची थंडी नोव्हेंबरच्या शेवटी येते आणि संक्रांत झाली की जायला लागते. त्याच दिवसांत जिल्ह्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला बाहेर असतात. गावातलं गिऱ्हाईक मोजकं आहे, हे धरूनच चला.

पण तुमच्याकडं एक गोष्ट आहे जी कारखान्याकडं नाही. खरा क्रोशा यंत्रावर निघत नाही. विणकामाची, म्हणजे स्वेटरची यंत्रं आहेत. क्रोशासारखी दिसणारी जाळी पण यंत्रावर निघते. पण सुईनं एकेक टाका ओढून घेतलेला खांब आजही हातानंच होतो. बाजारात क्रोशाचं म्हणून काही दिसलं आणि ते खरंच क्रोशाचं असलं, तर ते कुणाच्या तरी हातचं आहे. हे वाक्य लेबलवर लिहा. "हातानं विणलेली. या रंगांची ही एकच." दुसरा अर्धा भागही खरा आहे, कारण ती पिशवी पुन्हा येणार नाही. त्याचमुळं "अशाच पन्नास करून द्या" ही ऑर्डर या शालीवर घेऊ नका. पन्नास हव्या असतील तर लोकर विकत, रंग ठरलेले, भाव वेगळा.

गिऱ्हाईक मला तीन ठिकाणी दिसतं. पहिलं सत्कारात. आपल्याकडं शाल-श्रीफळाशिवाय कार्यक्रम होत नाही, आणि त्या शाली सत्कारमूर्तीच्या कपाटात जशाच्या तशा पडून असतात किंवा पुढच्या सत्काराला निघतात, हे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्या सत्कारांना हजाराची शाल कुणी घेणार नाही. पण एखादे गुरुजी किंवा बाई निवृत्त होतात तेव्हा माजी विद्यार्थी वर्गणी काढतात. वीस जणांनी पन्नास-पन्नास काढले तर हजार होतात. त्या गटातल्या एकाला गाठा, शाल दाखवा. "बाई ही रोज पांघरतील" एवढंच सांगा. दुसरं गिऱ्हाईक पहिल्या बाळंतपणाचं, ओटीच्या भेटीत, पण तिथं बाळाच्या अंगाला मऊ लागेल अशीच लोकर घ्या आणि झालर नको, बाळाच्या बोटात दोरा अडकतो. तिसरं शहरातली प्रदर्शनं. बचत गटात असाल तर उमेदच्या तालुक्याच्या कार्यालयात विचारा, मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, पुण्यात डिसेंबरमध्ये भीमथडी जत्रा असते. तिथलं गिऱ्हाईक हातची वस्तू बघूनच येतं.

दुकानात ठेवायला दिली तर दुकानदाराचा वाटा आधी ठरवा. पंचवीस टक्के म्हणाला तर हजारातले २५० त्याचे, तुम्हाला ७५० मिळाले, आणि लागत ८२३ होती. म्हणजे दुकानातली किंमत तेराशे हवी, तर तुमच्या हातात ९७५ येतात. आणि एकदा दुकानात तेराशे लावलेत की घरी येणाऱ्या गिऱ्हाईकाला सातशेला देऊ नका. गाव लहान आहे, दोघी एकमेकींना भेटणारच.

सरकारी कागदांबद्दल बऱ्याच जणी विचारतात, थोडक्यात सांगते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिचे पैसे कुणाला देऊ नका. पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कामं आहेत, त्यात शिंपीकाम आहे, क्रोशा नाही, तेव्हा क्रोशाच्या नावावर तुमचा फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा. हस्तकलेच्या कारागिरांसाठी केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं पहचान ओळखपत्र असतं, त्याची चौकशी मात्र जरूर करा.

शालीतून महिन्याला किती?

हा प्रश्न विचारल्याशिवाय सुईला हात लावू नका. रोज चार तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे १०४ तास. चौदा तासांची एक, तर सात शाली. मजुरी सात गुणिले ५४६, म्हणजे ३,८२२ रुपये. आणि तेही सातच्या सात विकल्या गेल्या तर. क्रोशा शिका आणि महिन्याला वीस हजार कमवा, अशी जाहिरात दिसली तर हा हिशोब तिच्यापुढं ठेवा. एकटीच्या दोन हातांनी, नुसत्या शालीवर, ते जमत नाही.

म्हणून मी काय करायला सांगते? शाल ही दुकानाच्या काचेत लावायची वस्तू समजा. लोक तिच्यामुळं थांबतील. विकायला त्याच पद्धतीचा मफलर ठेवा. तीच २०६ साखळी, तेच रंग, पण ४४ ऐवजी १२ ओळी. रुंदी सहा इंच. विणायला सव्वातीन तास, बाकीचं धरून चार. मजुरी १५६, लोकर नव्वद ग्रॅमचे ६३, पिशवी-लेबल १५. लागत २३४, विक्री तीनशेच्या आत-बाहेर. कॉलेजच्या पोरी एवढे देतात. सकाळी अंबाजोगाईच्या एसटीत खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीला मफलर लागतोच. हजाराची शाल घ्यायला घरात विचारावं लागतं, तीनशेचा मफलर तिथल्या तिथं घेतला जातो.

आणि मोठं काम आलंच तर गटानं घ्या. २०१६ च्या ३१ जानेवारीला चेन्नईत मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या बायकांच्या गटानं जगातली सगळ्यात मोठी क्रोशाची चादर मांडून गिनीज बुकात नाव नेलं, ११,१४८.५ चौरस मीटरची. ती कुणी एका जागी बसून विणली नव्हती. घरोघरी, ठरलेल्या मापात तुकडे विणले आणि एकत्र जोडले. तुमच्या बचत गटात पाच जणी असतील तर आधी एकच गोष्ट जुळवा, हाताची ओढ. सगळ्यांनी एकाच लोकरीनं, एकाच सुईनं, वीस खांबांची पट्टी विणायची आणि पट्टीनं मोजायची. कुणाची पाच इंच आली, कुणाची सहा, तर सहावाली ताई एक नंबर लहान सुई घेईल. हे न करता ऑर्डर घेतली तर पाच शाली पाच मापांच्या होतील.

थंडीचा माल दिवाळीआधी तयार हवा. म्हणजे श्रावणात सुई हातात घ्यायची. वहीत प्रत्येक शालीसाठी एक पान करा: किती ग्रॅम, किती तास, कुणाला, कितीला. फोटो दिवसाउजेडी, दारात, झालर दिसेल असा.

राहिली ती दुसरी पिशवी, ८ ग्रॅमखालच्या गोळ्यांची. ती फेकू नका, शेजारच्या लेकरांनाही देऊन टाकू नका. तोरणाची फुलं, केसाचे रबर आणि किल्लीला लावायचे गोंडे त्यातून कसे निघतात आणि त्यांचा भाव कसा लावायचा, ते पुढच्या व्हिडिओत. तोवर त्या पिशवीतले गोळे वजन करून चिठ्ठी लावून ठेवा, ३ ग्रॅमचे वेगळे, ५ ग्रॅमचे वेगळे.